सुनेच्या भूमिकेत

पुणे,
१३ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. अमरावतीला कधी परततोस, असं तू विचारलं आहेस. आधी बाकीचं सांगतो.

नारायण पेठेत माझं व्याख्यान झालं. विषय, हिंदी नाटकातलं बदलतं कुटुंब. मी कडाडलो. म्हणालो, जुन्या नाटकांत अंगण होतं, भांडलेली माणसंही एका पंगतीत जेवत. मग फ्लॅट आला आणि नाटकागणिक कोणीतरी बॅग भरू लागलं. आधुनिकतेने माणसाला स्वतंत्र खोली दिली आणि बोलणं काढून घेतलं! टाळ्या पडल्या. परतताना सूनबाई, प्रियदर्शनी, एवढंच म्हणाली, "बाबा, आपल्या घरी बोलणं कमी झालंय, असं मात्र कोणी म्हणणार नाही." पुण्यात राहून तिलाही इथलं पाणी लागलं आहे.

मी इथे अडगळीत पडलोय, असं तुला वाटतं. तसं नाही. चिरंजीव तेजस आणि ती कंपनीच्या बसने हिंजवडीला जातात, संध्याकाळचा स्वयंपाक मी करतो. हो, मी. वरण बिघडलं तर दोघं तोंडावर सांगतात. आपल्या अण्णांना असं सांगायची कोणाची छाती होती? मला ते आवडतं.

फक्त एक होतं. आल्यापासून मी म्हणत होतो, आता निघायला हवं. आणि दोघांपैकी कोणी "राहा" म्हणत नव्हतं. जन्मभर सभा गाजवल्या, पण "राहू का?" एवढं तोंडातून निघेना.

काल आमच्या सोसायटीत एका नव्या हिंदी नाटकाचं वाचन होतं. इथे भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवतात. मला सून आली, प्रियदर्शनीला सासरा. तिने माझं खाकरणं, माझी तर्जनी, सगळं उचललं. तेजस हसून बेजार. शेवटी बाबूजी कायमचे गावी निघतात आणि सून म्हणते, "पहुँचकर फ़ोन कीजिएगा."

ते माझ्याने वाचवेना. मी म्हणालो, "रुक जाइए, बाबूजी."

लोक पानं चाळू लागले. तेजसचं हसू थांबलं. प्रियदर्शनीने पुस्तक मिटलं, बोट उगारलं आणि माझ्याच थाटात म्हणाली, "ठीक है बहू, रुक जाते हैं. पर हमारे भाषण बंद नहीं होंगे."

लिफ्टमध्ये तेजस म्हणाला, "बाबा, आम्हाला वाटायचं, तुम्हालाच जायचंय. अडवलं तर चिडाल."

दादा, मी येत नाही. एका छपराखाली म्हातारे व्हायचं आपलं ठरलं होतं, ते मी मोडतो आहे. रागाव, हक्क आहे तुझा. पण माझी खोली रिकामी ठेवू नकोस. एखादा भाडेकरू बघ, बोलका बघ. जेवणानंतर तुला भांडायला कोणीतरी लागतं, हे वहिनींपेक्षा मला जास्त माहीत आहे.

इथे सुखात असलेला आणि तिथे नसल्याची रुखरुख असलेला,
तुझा
बद्री