धुराड्यात उशी

४ नोव्हेंबर, सकाळ.
गॅसचे हीटर आल्यापासून दिवाणखान्यातली फायरप्लेस पेटलेली नाही. तिच्या धुराड्यातून गार वारा येतो. बायको, ग्लेनिस, शाल पांघरून टीव्ही बघते आणि खोकते. कुणी माणूस बोलवूया म्हणते. मी जन्मभर ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या, अर्ध्या वेल्सला नापास केलं. एका भोकाला काय भ्यायचं? रविवारपर्यंत बंद!

६ नोव्हेंबर.
वर्तमानपत्रं कोंबली. त्या पेपराचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग.

७ नोव्हेंबर.
वाऱ्याने सगळं खाली आणलं, काजळीसकट. समोर नेमक्या चॅपेलच्या गायनवृंदातल्या बायका चहा पीत बसलेल्या. किंचाळताना मात्र एकजात सुरात होत्या. पेपरचा दर्जाच घसरलाय.

१० नोव्हेंबर.
शेजारचा इद्रिस कुंपणावरून म्हणाला, "साहेब, दुकानात मेंढीच्या लोकरीचा बोळा मिळतो, दांडा लावलेला. वर सारला की झालं!" ह्याला अजून गाडी धड मागे घेता येत नाही आणि हा मला धुराडं शिकवणार.
प्लायवूड कापून बसवलं. मोजलं नाही. ज्यांना नजर नसते ते मोजतात.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ.
प्लायवूड पडलं. ग्लेनिसच्या पायावर. अंगठा काळानिळा. तिने पाय तिथे ठेवायलाच नको होता.

१५ नोव्हेंबर.
प्लॅस्टिकच्या पिशवीत उशी घालून धुराड्यात चढवली. कल्पना संपूर्ण माझी, उशी ग्लेनिसची. झोपताना विचारत होती, माझी उशी कुठाय? म्हटलं, घराच्या कामी आली. शालीची घडी डोक्याखाली घेऊन झोपली. पटलं असावं.

१६ नोव्हेंबर.
ग्लेनिस बहिणीकडे गेली, मायरकडे. खोकला बरा होईपर्यंत म्हणे. चारदोन दिवसांत येईल. त्यासाठी केवढी मोठी बॅग! बायकांना सामान भरता येत नाही.

२४ नोव्हेंबर.
पावसाने भिजून उशी खाली आली. शेवटी लोकरीचा बोळा आणला. मागच्या गल्लीने, इद्रिसचं घर टाळून. तत्त्व माझ्या उशीचंच, फक्त दांडा नवीन. चपखल बसला. मेणबत्ती धरून पाहिली, ज्योत जागची हलत नाही.
लगेच मायरकडे फोन लावला. ग्लेनिसला म्हटलं, वारा बंद केला, ये आता. ती म्हणाली, "आता घरातल्या गारठ्याचा दोष कुणाला देशील, एम्लिन?"
प्रश्नच कळला नाही. हल्ली फोनच्या लाईनी खराब असतात.
हीटर पेटवला, तरी कोट न काढताच जेवलो.