उंदराचा दुसरा कान

शुगर लँड, टेक्सस

प्रिय आशू,

तुझ्या कपाळावरचे टाके एव्हाना काढले असतील. मेकअपवालीने झाकायचा बराच प्रयत्न केला होता, पण टीव्हीवर मला दिसले. खूण राहू नये म्हणून रोज थोडं खोबरेल चोळ. आई म्हणून सांगायचं ते एवढं सांगून झालं. यापुढे मी फार गोड लिहिणार नाही. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू माझ्याशीही मंत्रीबाईंसारखी बोलतेस, मग मी ओरडते, आणि मग तुझा भाऊ शंतनू येऊन माझ्या हातातून फोन काढून घेतो.

गेल्या आठवड्यात त्या चौकशी आयोगापुढे तुझी साक्ष झाली ती आम्ही पाहिली. तुमच्याकडे विलायतेत दुपार होती, आमच्याकडे सकाळ. तुझ्या वहिनीने, चारुताने, ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली, भाचीने, रुहीने, कॉलेज बुडवलं, आणि आम्ही तिघी ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याच राहिलो. तुला बोलावण्याआधी त्यांनी ती चित्रफीत दाखवली. तू ती तिथे बसून पाहिलीस की खाली बघत होतीस, ते कॅमेऱ्यात आलं नाही, म्हणून काय होतं त्यात ते मीच लिहिते. चौदा वर्षांचं पोरगं. कॅलम. गाडी चोरली म्हणून सुधारगृहात ठेवलेलं. पायातले बूट काढून द्यायला नाही म्हणाला, एवढाच त्याचा त्या दिवशीचा गुन्हा. तिघा दांडग्या माणसांनी त्याला खुर्चीत दाबून बसवलं. दोघांनी दोन हात पिरगाळले, तिसऱ्याने मानेवर पंजा ठेवून डोकं गुडघ्यांत घातलं आणि वरून आपलं सगळं अंग टाकलं. खुर्चीचे पाय फरशीवर करकरत होते. तो पोरगा सांगत होता, श्वास घेता येत नाही. पुन्हा पुन्हा सांगत होता. त्यातला एक जण म्हणाला, बोलतोयस ना, म्हणजे श्वास चालू आहे. दुसरा हसला. मग तो ओकला, तरी सोडला नाही. मग त्याच्या चड्डीतून ओघळ आला, तरी सोडला नाही. बुटांच्या टाचांची आपटाआपट थांबली तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली, तर ओठ जांभळे. रुही बाथरूममध्ये पळाली. तिच्या ओकण्याचा आवाज येत होता आणि पडद्यावर तू शपथ घ्यायला उभी राहिलीस. निळा कोट, मोत्यांचे कानातले. ते मोती मी दिलेले.

वकिलाने साधा प्रश्न विचारला. ही पकड जीवघेणी आहे हे मुलगा मरण्याआधी मंत्र्यांना माहीत होतं का? तू म्हणालीस, नो. अ‍ॅट नो पॉइंट. तुझ्या खात्यातला तो बिचारा अधिकारी सांगून गेला होता की डॉक्टरांचा इशारा त्याने तुझ्या कानावर तोंडी घातला होता. त्यावर तू म्हणालीस, असं संभाषण मला आठवत नाही. कागद कुठे सापडत नाही, म्हणजे तू मोकळी. शेवटी ते वाक्य आलंच, लेसन्स विल बी लर्न्ट. अगं, तुमच्या त्या देशात इतके धडे शिकून झाले आहेत की एव्हाना सगळं मंत्रिमंडळ विद्वान व्हायला हवं होतं.

तू विसरली असशील, पण तुझी आई तीस वर्षं लेस्टरच्या कोर्टात दुभाषी म्हणून उभी राहिली आहे. खोटं बोलणारे मी गुजरातीतून इंग्रजीत नेले, हिंदीतून नेले, मराठीतूनही नेले. चोर, नवरे, सासवा, एक पुजारीसुद्धा. माझ्या पदरचा एक शब्द कधी घातला नाही, त्यांचा एक गाळला नाही. खोटं बोलायच्या आधी माणूस किंचित थांबतो आणि मग नको इतकं ठाम बोलतो, हे मला जजच्या आधी कळायचं. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही खोटं बोललो की सिस्टर बर्नाडेट फूटपट्टीची उभी कड बोटांच्या पेरांवर मारायच्या. रक्त यायचं. मला ती बाई राक्षसीण वाटायची. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा माझा हात त्या पट्टीसाठी शिवशिवला.

आता दंगलीबद्दल. दगड मारणाऱ्यांची बाजू मी घेत नाही, उगाच तसा अर्थ काढू नकोस. ती चित्रफीत बाहेर फुटली तेव्हा तुझं मतदारसंघातलं ऑफिस त्यांनी पेटवलं. आत तुझी ती सेक्रेटरी होती, जिने मला एकदा चहाबरोबर खायला स्कोन भाजून आणले होते. तिचे केस आणि अर्धा कान जळाला. तिने कुणाचा जीव घेतला होता? पोलिसांचा घोडा एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावरून गेला, तिचं खुब्याचं हाड मोडलं. तुझ्या गाडीची काच एकाने कुंपणाचा खांब घालून फोडली आणि ते तुकडे तुझ्या कपाळात घुसले. ते दृश्य इथल्या चॅनेलवाल्यांनी एखाद्या गोलसारखं परत परत दाखवलं. दर वेळी मी किंचाळत होते. त्या खांबवाल्याला तुरुंगात टाकलं, बरं केलं. पण आशू, त्या लोकांनी हातात दगड घेण्याआधी काय काय घेतलं होतं ते आठव. कॅलमची आई पार्लमेंटच्या दाराबाहेर उभी राहायची. हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत त्याचे बूट. पावसात, थंडीत. तुमच्या गाड्या तिच्यासमोरून आत जायच्या, बाहेर यायच्या. एकानेही काच खाली केली नाही. एक समिती झाली, मग त्या समितीवर दुसरी समिती झाली. ज्याने पकड शिकवली त्याला पेन्शन मिळाली, ज्या कंपनीची ती माणसं होती तिला आणखी दोन सुधारगृहं मिळाली, आणि तुला बढती मिळाली. बढती! त्या दिवशी तू मला फोन केलास आणि मी पेढे वाटले. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना वाटले. सुलेखा मावशीने दोन उचलले.

तुझ्या पहिल्या निवडणुकीत मी तुझी पत्रकं वाटत फिरले होते. बाबा तेव्हा होते. ते जिना चढून दमायचे, म्हणून वरचे मजले माझे. एका घरातल्या कुत्र्याने माझी पोटरी फोडली, तरी मी रुमाल बांधून पुढच्या दारावर गेले. लोक तोंडावर दार आपटायचे. सगळे चोर, एकूणएक चोर, असं एक म्हातारा मला म्हणाला, आणि मी त्याच्या दारात पाय घालून म्हटलं, माझी मुलगी तुमच्याशी खोटं बोलणार नाही, मी तिची आई आहे, मला माहीत आहे. त्याने पत्रक घेतलं. अशी किती तरी दारं. तुला मतं तुझ्या पक्षाने मिळवून दिली असतील, पण त्या गल्लीतली मतं माझ्या शब्दावर पडली आहेत.

इथे आमच्या घरापासून गाडीने जवळच, काही वर्षांपूर्वी शाळेची इमारत बांधताना खाली हाडं लागली. काळ्या कैद्यांची. शंभरेक वर्षांपूर्वी सरकार त्यांना उसाच्या मळ्यांवर भाड्याने द्यायचं आणि ते मेले की तिथेच पुरून टाकायचं. हाडं तपासणारे म्हणाले, त्यातला सगळ्यात लहान चौदाच्या आसपासचा असावा. मी तिथे दोनदा जाऊन आले. गवत छान कापलेलं असतं. त्या वेळीही कुणी तरी कोट घालून म्हणालं असेल, आम्हाला कल्पना नव्हती.

कल्पना. बरं, आता गणपतीचं बोलू. त्या वर्षी तू दीड दिवसाच्या गणपतीला इथे आली होतीस. कॅलम मेला त्याच्या आधीच्या सप्टेंबरमध्ये. बाहेर अंगाला कपडे चिकटत होते, आणि मागच्या अंगणात शंतनूने विसर्जनाची मोठी बादली भरून ठेवली होती. आपल्या घरची पद्धत तुला ठाऊक आहे. मूर्ती शाडूची, दर वर्षी नवी. उंदीर मात्र पितळेचा, माझ्या माहेरचा, त्याचं विसर्जन नाही. आणि मूर्ती उचलण्याआधी घरातल्या प्रत्येकाने उंदराच्या कानात आपलं मागणं सांगायचं. सांगताना त्याचा दुसरा कान बोटाने झाकायचा, म्हणजे मागणं पलीकडून निसटत नाही. लहानपणी तू सायकल मागितलीस तेव्हा शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेलं होतं. कुजबुजणं तुला कधी जमलंच नाही. त्या दिवशीही तू उंदराचा दुसरा कान अगदी नीट झाकलास. मी मागे खिरापतीची वाटी घेऊन उभी होते, माझे दोन्ही उघडे राहिले. तू म्हणालीस, बाप्पा, निवडणुकीपर्यंत त्या खुर्चीत एकही मूल मरू देऊ नकोस, मग मी ते बंद करते.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सगळे अंगणात गेल्यावर मी तुला आत धरलं आणि विचारलं, कसली खुर्ची गं? तू आधी चिडलीस. आई, यू वेअर नॉट सपोज्ड टू हिअर दॅट. मग तुला बोलायचंच होतं की काय, सगळं सांगितलंस. डॉक्टरांनी इशारा दिलाय, ही पकड छाती दाबते, एखादा दगावेल. पण आत्ता बंद केली तर विरोधक म्हणतील सरकार गुन्हेगार पोरांपुढे नमलं. मला कळेना पकड म्हणजे काय. तेव्हा तू मला डायनिंग टेबलाच्या खुर्चीत बसवून दाखवलंस. माझे हात मागे घेतलेस, मान पुढे वाकवलीस आणि पाठीवर हलकेच रेललीस. हलकेच म्हणतेस तू. माझी हनुवटी गुडघ्याला लागली, बरगड्या पोटात शिरल्या, आणि तोंड उघडूनही हवा आत येईना. डोळ्यांपुढे काळं आलं. मी कसंबसं म्हटलं, आशू, सोड.

तू लगेच सोडलंस. पाणी आणलंस, पाठ चोळलीस, सॉरी सॉरी म्हणालीस. तुझी आई एकदाच म्हणाली, आणि तू सोडलंस. त्या पोराने किती वेळा म्हटलं ते आता सगळ्या जगाने ऐकलं आहे. तेव्हा अ‍ॅट नो पॉइंट हे शब्द मला सांगू नकोस. ती पकड माणसाचं काय करते हे त्या देशाच्या सरकारात जर कुणाला स्वतःच्या हातांनी कळलं असेल, तर ते तुला. आणि तू बाप्पाला सांगून विमानात बसलीस. सही करायच्या ठिकाणी नवस केलास.

मी आयोगाच्या वकिलांना हे सगळं कळवलं आहे. त्यांनी मला येत्या गुरुवारी बोलावलं आहे, आणि मी येते आहे. शंतनूने दोन दिवस वेगळ्या वेळी जेवून घेतलं. मग म्हणाला, ती तुझी मुलगी आहे यार आई, कोण करतं असं? आणि एक पितळी उंदीर पुरावा म्हणून कोण ऐकणार? मी म्हटलं, उंदराचं नको, माझ्या बरगड्यांचं ऐकतील. चारुताने माझं तिकीट काढलं. रुही म्हणाली, आजी, आय अ‍ॅम कमिंग विथ यू. तीही येते आहे. मी तुझ्याकडे उतरणार नाही, लेस्टरला माझ्या जुन्या मैत्रिणीकडे उतरेन. या पत्राचं कारण इतकंच, की हे तू दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू नयेस. तुझ्याकडे गुरुवारपर्यंत वेळ आहे. त्याआधी तू स्वतः जाऊन साक्ष दुरुस्त करायला मागितलीस, तर मी तुझ्या मागच्या बाकावर बसेन, आणि बाहेर पडताना लोक थुंकले तर माझ्याही अंगावर थुंकतील. तू गेली नाहीस, तर त्या खुर्चीत मी बसेन आणि तू मला कसं धरलं होतंस ते सगळ्यांना करून दाखवेन. कॅलमची आई समोर असेल. तिच्यापुढे एक शब्द घालणार नाही, एक गाळणार नाही. उंदीर पर्समध्ये घेतला आहे. काही सांगायचं असेल तर बुधवारी संध्याकाळी ये. मात्र या वेळी त्याचा दुसरा कान झाकू नकोस.

अजूनही तुझीच,
आई