रिकाम्या कोपऱ्यातला पेंढा

लाडक्या लेका,

हे पत्र टाकणार नाहीये, म्हणूनच मोकळेपणानं लिहितो.

डुकरांचा भाव अजून पडलेलाच आहे. व्यापारी येतो आणि नुसतं नाक मुरडतो. मग तू सांगून गेलास तेच केलं. अंगानं पुरती भरायची वाट न बघता निम्मी डुकरं विकली, आणि यंदा एकही मादी नराजवळ सोडली नाही. पिल्लं नाहीत म्हणजे खाद्याचा खर्च नाही. डोकं तुझंच, माझं काय!

शेड आता इतकी शांत असते की पत्र्यावर पान पडलं तरी कळतं. आपली म्हातारी डुकरीण मात्र ऐकेना. गाभण नाही, तरी तोंडात पेंढा धरून आणते, उन्हाच्या तिरिपेत पिल्लांसाठी करावी तशी गादी करते, नाकानं सारखी करते आणि शेजारी उभी राहून बघत राहते. "अगं वेडे, कुणी येणार नाहीये," असं म्हटलं तिला, आणि तिच्यापुढे आणखी एक पेंढी सोडून टाकली.

तिथून उठलो तो तुझ्या खोलीत गेलो. चादर बदलली.

तुझी आई दारातून म्हणाली, "आता हे कशाला?"

"धूळ बसली होती," म्हटलं.

तू तिकडची नोकरी सोडू नकोस.

तुझा,
बाबा