आक्काची भाकरी लोकसभेत

३ ऑगस्ट १९६६, सांगली
सकाळ रेशनच्या रांगेत गेली. पुन्हा मिलो. अमेरिकेहून बोटीनं आलेली लाल ज्वारी. तिकडं म्हणे गुरांना घालतात. इकडं आधी माणसांवर प्रयोग करून बघताहेत. रांगेत पुरुष ओरडत होते. बायका गप्प, पिशव्या सावरत. आमच्याकडं सौ.च्या हातची मिलोची भाकरी चांगली होते. लोक जरा जास्तच कांगावा करतात, असं माझ्या या आठवड्याच्या विनोदी सदरात लिहायचं मनात होतं, सौ.ला सांगितलंही. लिहिलं नाही. दाजी लोकसभेत विरोधी बाकावर. घरातली अडचण.

दुपारी दाजी स्वतःच प्रेसमध्ये. अधिवेशन चालू असताना चार दिवस गावाकडं आलेत. (दाजी म्हणजे आक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे, यजमान. हे मी कशाला लिहितो? उद्या कुणी ही वही वाचलीच, तर नातं लपवलं म्हणायला नको.) आमचं साप्ताहिक काढणारे प्रेसवाले रसूलभाई रुपयाच्या अवमूल्यनावरचं त्यांचं भाषण मोठ्यानं वाचत बसले होते: "आमच्या बाजारात वजन उतरवणाऱ्या दुकानदाराचा काटा जप्त होतो. दिल्लीत त्याला अर्थतज्ज्ञ म्हणतात. (हशा)"

दाजी : "मेव्हणं, त्या कंसातल्या हशाचं काय करायचं वो? मी रडगाणं गायला जातो आन् माणसं हसून घरी जात्यात."
मी म्हटलं, सरकार पक्षाला हसवणं हेच विरोधकाचं पगारी काम.
"तुमी गप्प बसा. तुमाला त्याचाच पगार हाय."

बरोबर आहे. पण गेल्या वर्षी लढाईत गेलेल्या जवानांच्या बायकांच्या पेन्शनवर हाच माणूस उभा राहिला होता, आणि बौद्ध झालेल्यांच्या सवलती का काढता म्हणून एकट्यानं भांडला होता. तेव्हा कंसात 'गोंधळ' छापलं होतं. सातारी हिंदीत बोलतात, क्रियापदं वाटेत सांडतात, पण मुद्दा शेवटपर्यंत नेतात. तोंडावर मी हे म्हणणार नाही.

५ ऑगस्ट, उंब्रज
दाजींबरोबर त्यांच्या गावी आलो. त्यांच्या डोक्यात आलंय : पुढच्या आठवड्यात अन्नधान्यावर चर्चा. मंत्री म्हणतात, मिलो उत्तम, लोक आवडीनं खातात. दाजी मिलोची भाकरी दिल्लीला नेणार. सभागृहात वस्तू दाखवता येत नाही, हे मी सांगितलं. "दाखवत न्हाई. खिशात असंल. हात लावला की चुरा हुतोय एवढंच सांगायचं हाय."

आक्काला म्हणाले, "निव्वळ मिलोची कर. मोडली तर मोडू दे. मोडकीच पायजे."
आक्का म्हणाली, "बरं."

हा 'बरं' मी लहानपणापासून ओळखतो. त्याच्या पुढं काय येतं ते कधीच ओळखता आलं नाही.

भाकरी थापताना तिनं आम्हा दोघांना स्वयंपाकघराबाहेर काढलं. "परातीकडं टक लावून बसल्यावर हात चालत न्हाई माझा." भाकऱ्या धुतल्या धोतराच्या फडक्यात बांधल्या. दाजी संध्याकाळच्या एस.टी.नं पुण्याला. तिथून रेल्वे. फाट्यावर कुणी तरी ओरडलं, "खासदारसाहेब, डबा भारी दिसतोय!" दाजी : "देशाचा हाय, गड्या."

१२ ऑगस्ट, सांगली
काय लिहू.

पुण्याचा पेपर एस.टी.नं दहाला आला. रसूलभाईंनी वाचला आणि घडी घालून माझ्या टेबलावर उलटा ठेवला. तेव्हाच कळलं.

दाजींनी भाषणात भाकरीची गोष्ट काढली. हात लावला की मोडते, म्हणाले. मंत्री हसत म्हणाले, सभागृहात नको, बाहेर चहाला आणा. चहाच्या वेळी चारपाच सभासद गोळा झाले. फडकं सोडलं. भाकरी अख्खी. पाच-सहा दिवसांची शिळी, तरी अख्खी. मंत्र्यांनी तुकडा मोडला, तोही जोर लावून, चहात बुडवला, खाल्ला. मग उत्तराच्या भाषणात : "माननीय सदस्यांच्या घरची मिलोची भाकरी मी खाल्ली. साताऱ्याच्या भगिनी इतकी छान भाकरी करत असतील, तर टंचाई फक्त विरोधी बाकांवर आहे." (प्रचंड हशा)

दाजी खाली बसले. जो माणूस सभापतींनी घंटा वाजवली तरी बसत नाही, तो.

रसूलभाई : "आता तुमी काय लिव्हनार?"
काही नाही. सदराला सुट्टी. प्रकृती अस्वास्थ्य छापा.

१४ ऑगस्ट, उंब्रज
सरळ विचारलं. आक्का तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"दोन वंजळी शाळू घातला त्यात. पंचमीला ठेवला हुता, त्यातला."
"का पण? मोडकीच पाहिजे म्हणून सांगितलं होतं ना?"
"बाबू, तू पुरुष हाईस. तुला न्हाई कळायचं. माझ्या हातची मोडकी भाकरी धाडू दिल्लीला? म्हनतील, खासदाराच्या बायकूला भाकरी यीना. आईनं काय शिकीवलं म्हनतील. तुझ्या बी आईचं नाव जातंय त्यात."

तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग, "ह्यांनी वळखलं आसंल. पहिल्या घासाला वळखत्यात."

ओळखलं असणार. तेव्हाच उठून सांगता आलं असतं : माझ्या बायकोनं त्यात शाळू, आपली घरची ज्वारी, घातला. हशा सरकार पक्षावर उलटला असता. पण मग देशभरच्या पेपरात आक्का. दाजी गप्प बसले, हसं स्वतःचं करून घेतलं. लोकसभेतलं त्यांचं सगळ्यात चांगलं भाषण हेच, आणि ते कामकाजात कुठंही नाही.

२८ ऑगस्ट, उंब्रज
सरकार पक्षाची सभा, साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची. फेब्रुवारीत निवडणूक; तिकडून तेच उभे राहणार असं दिसतं. निम्मं भाषण भाकरीवर. "आवं, खुद्द खासदारांच्या मंडळी मिलोची गोडी गात्यात आन् खासदार रडत्यात! घरात एकमत न्हाई, हे देशाचं काय करनार?" लोक हसले. हसणाऱ्यांत आपलीही माणसं होती, हे वाईट.

दाजी काल परत आलेत. साताऱ्याहून त्यांच्या पक्षाची मंडळी आली होती. ओसरीवर बसून तिकिटाचं आडून आडून : यंदा नवा चेहरा, वगैरे. एक जण मला कोपऱ्यात घेऊन, "काही तरी खुलासा करायला सांगा हो त्यांना. नाही तर गेली जागा."
दाजींचा खुलासा : "दाणा चांगला आला आसंल त्या खेपंला."
आतून भांडं आपटल्याचा आवाज. आक्का सगळं ऐकत होती.

रात्री जेवताना दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणजे बोलले, माझ्यामार्फत. "बाबू, त्यांस्नी इचार आमटी वाढू का." "मेव्हणं, सांगा, वाढ म्हणावं."

११ सप्टेंबर, उंब्रज
आज जे पाहिलं ते नीट लिहायला हवं. सदरासाठी नाही.

बाजाराचा दिवस. दाजी कराडला गेलेले. आक्कानं मला नुसतं म्हटलं, "पाटी उचल, चल." पाटीत तवा, परात, पितळी तांब्या. वाटेत रेशनची मिलो घेतली, बाजारातल्या गिरणीवर दळली. बाजाराच्या मधोमध, भांड्यांच्या दुकानापुढं, तिनं तीन दगड मांडून चूल केली. खासदाराची बायको भर बाजारात मांडी घालून बसली म्हटल्यावर माणसं जमलीच. चेअरमनसाहेबांचा ड्रायव्हरही जीप थांबवून उभा.

आक्का म्हणाली, "ह्ये पीठ बगा. मघाशी दुकानातनं घेतलंय, हितंच दळलंय. ह्यात काय बी न्हाई." गिरणीवाल्यानं मान डोलावली.

उकळतं पाणी घातलं. मळलं. आक्काचं मळणं मी चाळीस वर्षं बघतोय. गोळा आरशासारखा होतो. हा होईना. थापायला घेतली, कडा फाटल्या. उचलली, परात ते तवा एवढ्या वाटेत तीन तुकडे झाली. दुसरी. तिचे दोन, आणि एक हातातच राहिला. गर्दीतून एक म्हातारा खिदळला, "वैनीसाब, हात इसरला काय?"

आक्काच्या गालावर लाली चढली, चुलीची नव्हे. तिसरा गोळा घेतला. तीही मोडली. मग तिनं मान वर केली. "दिल्लीला धाडलेल्या भाकरीत म्या शाळू घातला हुता. मला लाज वाटली म्हून. ह्यांचं काय बी चुकलं न्हाई. ह्यांनी माझी लाज झाकली."

कुणी हसलं नाही. मग मागून एक बाई पुढं आली, टोपल्या विकणारी. पदर दातात धरून म्हणाली, "आवं आक्का, माझी बी अशीच मोडती. मला वाटलं माझाच हात गेला." दुसरी : "मी कवाच सांगितलं न्हाई घरात. तुकडं मी खाती, धड आसंल ती ह्यांना वाढती." मग सगळ्याच बोलायला लागल्या. कुणी उसनी ज्वारी घालत होती, कुणी गव्हाचं पीठ. प्रत्येकीला वाटत होतं की फक्त आपलीच मोडते. आणि दारोदार बाप्ये मिशीवर हात फिरवून सांगत होते, आमच्या घरी बरी होते बुवा.

ड्रायव्हर जीप घेऊन गेला. घाईत.

पाटी परत आणताना आक्का एवढंच म्हणाली, "आई आसती तर बोलली आसती मला." मी म्हटलं, आई असती तर आधी बसली असती.

१२ सप्टेंबर, सांगली
घरी आल्यावर सौ.ला विचारलं, आपली मिलोची भाकरी इतकी चांगली कशी होते गं?
"तुम्ही लिहिणार होतात ना ते सदर? आता लिहा," म्हणाली आणि पाणी भरायला गेली.
ज्यांना आयुष्यभर टोचलं त्या सर्वांची आज एकदम आठवण झाली.

रसूलभाईंनी बाजाराची हकीकत पहिल्या पानावर घेतली. माझं नाव घालू नका म्हटलं. ते म्हणाले, "घालनारच नव्हतो. नाव आक्कांचं हाय."

२० नोव्हेंबर, उंब्रज
तिकिटाचं अजून लटकलेलं. साताऱ्याची मंडळी आता फक्त "बघू" म्हणतात, पूर्वी "नवा चेहरा" म्हणत. प्रगती.

दाजी उद्या निघणार. मला ऐकू जाईल अशा बेतानं आक्काला विचारलं, "तुझं नाव घेऊ का तिथं?"
"बाजारात मीच घेतलं की. आता काय ऱ्हायलं झाकायचं?"

मग तिनं निव्वळ मिलोच्या भाकऱ्या केल्या. मला आत बसू दिलं. मोडलेल्या तशाच गोळा केल्या, तुकडे पितळी डब्यात भरले, वर झाकण दाबलं. दाजी : "चार जरा मोठं तुकडं वर ठेव की." आक्का : "हाय ते हाय. वर न्हाई, खाली न्हाई."

२६ नोव्हेंबर, सांगली
दाजींचं भाषण पेपरात आलं. अर्धा कॉलम! सर्वसाधारणपणे त्यांच्या वाट्याला कंस येतो.

"मागच्या वेळी मंत्रिमहोदयांनी माझ्या घरची भाकरी वाखाणली. तीत माझ्या बायकोनं सणाची ज्वारी घातली होती. तिला लाज वाटली. माझ्या मतदारसंघातल्या घरोघर बायका ही लाज झाकताहेत; स्वतः तुकडे खातात, नवऱ्याला अख्खी वाढतात. सरकार ती अख्खी भाकरी बघून म्हणतं, सगळं ठीक आहे. ज्या कारभाराची अब्रू बायकांनी उपाशी राहून राखायची, त्याला कारभार म्हणायचं का, हे सभागृहानं ठरवावं."

पुढं कंस नाही. हशा नाही, गोंधळ नाही, टाळ्याही नाहीत. वार्ताहरानं काय ऐकलं असेल? मी चार वेळा वाचलं. मग रसूलभाईंना मोठ्यानं वाचायला सांगितलं. मशीन बंद करून वाचलं त्यांनी.

मंत्र्यांचं उत्तर : नमुने तपासू, राज्य सरकारशी बोलू.

९ डिसेंबर, उंब्रज
दाजी आले. डबा रिकामा.

आक्का : "कुनी खाल्लं?"
"मंत्र्यानं मागून घेतलं. चहात बुडवाय गेला, तर हातात नुसती चिमूट ऱ्हायली. बाकी कपात."
"मग?"
"मग काय. कप तसाच ठिवला. जाताना म्हनला, बाईंना नमस्कार सांगा."
आक्का : "नमस्कार रेशनवर मिळतोय व्हय?"
दाजी इतके हसले की ओसरीवरची कोंबडी उडाली. आज मधे मी लागलो नाही.

सकाळीच दुकानात मिलो आली होती. तीच. तिकिटाची बैठक सोळा तारखेला साताऱ्यात. चेअरमनसाहेबांच्या जीपवर भोंगा बसलासुद्धा. त्यांच्या सभेत हल्ली भाकरीचा विषय निघत नाही, एवढं कानावर आहे.

आक्कानं डबा राखेनं घासला, उन्हात पालथा घातला. मी तो उचलून माळ्यावर ठेवायला निघालो, तर म्हणाली, "वर नगं ठेवू, बाबू. हाताशी ऱ्हाऊ दे."