बधिर हात

अहो यशोधराचे बाबा,

तुम्ही जाईपर्यंत रोज सकाळी अंगण झाडून झालं, की मी तुमचा लुळा पडलेला हात कोमट तेलानं चोळायचे. दाबून विचारायचे, "कळतंय का?" तुम्ही म्हणायचात, "व्हय गं, लय बरं वाटतंय."

सोमवारी लोणावळ्यात माझ्या डाव्या तळहातातली गाठ काढली. काखेत सुई देऊन नुसता हात बधिर केला. मी जागीच होते.

"मावशी, बोटं हलवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बोटं हायती कुटं?" मी म्हणाले, तशा त्या हसल्या.

नंतर खाटेवर मी तो हात उजव्या हातानं चोळला, दाबला. काहीच कळलं नाही. तुम्हालाही कधीच कळलं नसणार. 'बरं वाटतंय' ते माझ्यासाठी म्हणत होतात.

दुसऱ्या दिवशी हात ठणकू लागला. दवाखान्यानं दिलेली दुखण्याची गोळी मी संध्याकाळपर्यंत घेतली नाही; मला निदान कळत तरी होतं.

तुमची,
शकू