छप्पर नसलेलं आकाश

परभणी, रविवार, ता. २० एप्रिल १९८६
दुपारचे साडेतीन

प्रिय भुजंगदादास,
सप्रेम जय भीम.

आज दुकान बंद आहे. ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातले आहेत आणि ते सुटेपर्यंत हे पत्र लिहून होईल असं वाटलं होतं, पण पहिल्या ओळीलाच दोन कागद फाडले. मायची तब्येत बरी नाही. छातीत पाणी धरतं, काढलं की पुन्हा भरतं. डॉक्टर आता गोळ्या बदलत नाहीत, जे आवडतं ते खाऊ द्या म्हणतात. मराठवाड्यात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं तू जाताना म्हणाला होतास. ते मी विसरलेलो नाही. तरी तू यावंस म्हणून लिहितो आहे. मायने काय मागितलं ते सांगायचं तर आधी प्रदर्शनाचं सांगायला हवं.

शेंडेनक्षत्राची, म्हणजे त्या धूमकेतूची, बातमी कल्याणलाही पोचली असेल. इथे लोक पहाटे गच्चीवर जाऊन मान दुखेपर्यंत बघत होते, पण धड कोणाला दिसलं नाही. म्हणून चित्रकलेचे बन्सीधर सर म्हणाले, आपण चित्रांतून दाखवू. त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये 'अनोळखी विश्व' या नावाचं प्रदर्शन भरवलं. पाटी मी रंगवली. अक्षर पसंत पडलं तेव्हा म्हणाले, तूही एक आकाश काढ. दादा, मी सातवीतून निघालेला, दुकानांची नावं आणि खतांच्या जाहिराती सोडून कधी काही रंगवलं नाही. सवयीप्रमाणे पत्र्यावर खडूची दोरी मारून रेघा आखल्या आणि रेघांवर चांदण्या बसवल्या. सर मागे उभे होते. म्हणाले, "सिताराम, हे आभाळ हाय का किराणा दुकानाची पाटी? चांदण्या काय पंगतीला बसल्यात?" सगळे हसले. मी पत्रा पुन्हा काळा केला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी, जे आकाश मला पाठ आहे तेच काढलं.

गर्दी पुष्कळ झाली. बायकांनी सूर्याच्या चित्राला हळदकुंकू लावलं. "अहो मावशी, रंग ओला हाय," म्हणून सर धावले, तर त्यांच्यातल्या चांगुणाबाई म्हणाल्या, "मग वाळल्यावर पुसा की, देवाचं काय जायलंय?" पिंगळी गावाकडचा एक म्हातारा शनीच्या चित्रापुढे बराच वेळ उभा होता. हे सगळं कशाला टांगलेलं हाय, असं त्याने हळूच विचारलं. कशालाच नाही, असं सर म्हणाले. तेव्हा तो टोपी काढून तिथेच जमिनीवर बसला. माझ्या चित्रापाशी मात्र लोक थांबत आणि पुढे जात. आभाळ चौकोनी कसं, कडा अशा तुटक्या कशाला, असं विचारत.

शेवटच्या दिवशी मायला सायकलरिक्षात घालून नेलं. दम लागत होता, म्हणून बाकीची चित्रं तिने लांबूनच पाहिली. माझ्या चित्रापुढे आली आणि उभी राहिली. मग खालच्या काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हितं चूल व्हती." अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात दंगलीत गावातल्यांनी आपलं छप्पर जाळलं, त्याच रात्रीचं ते आकाश. पाऊस उघडला होता. जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आग विझल्यावर आपण तिघं त्याच चार भिंतींत येऊन पडलो होतो. राख अजून ऊन होती. मी रडत होतो आणि रडण्याचा आवाज बाहेर जाईल म्हणून तू माझं तोंड दाबून धरलं होतंस. मग कानात म्हणालास, "वर बघ. तिथं कोणाचंच गाव न्हाई. त्यांचं बी न्हाई, आपलं बी न्हाई." मी बघत राहिलो. एवढं मोठं काहीतरी आपल्यावर रोज होतं आणि छपरामुळे ते कधी दिसलंच नव्हतं. तेव्हा भीती गेली नाही, पण रडू थांबलं. सकाळी आपण परभणीची वाट धरली आणि तू पुढे कल्याणला गेलास.

घरी आल्यावर मायने मागितलं ते हे. तिला एक रात्र तिथे निजायचं आहे, त्याच भिंतींत, छपराविना. लिंबाजीमामा परवा गावाहून आले होते. भिंती अजून उभ्या आहेत, आत एक बाभळ उगवली आहे, दुसरं कोणी काही बांधलेलं नाही, असं सांगत होते. ते बैलगाडी देतील. अमावास्या आठ मे रोजी आहे. अंधारी रातच पाहिजे, तवाच समदं दिसतं, असं माय म्हणते. मी तिला हो म्हणून बसलो. पण एसटीवर त्या गावाची पाटी रंगवायची आली तर मी ती दुसऱ्याकडे देतो, हे तिला माहीत नाही. तुलाही तिथे जायचं नाही, हे मला कळतं. वाद घालत नाही. पण मायला आता चालवत नाही. गाडी मारुतीच्या पारापर्यंतच जाते, पुढे बोळ आहे, त्या बोळातून तिला उचलून न्यायला दोघं लागतात.

तुझाच लहाना,
सिताराम