शेळ्यांच्या घरातलं डायलिसिस

माय, आज आमच्या बाईनं पुण्याच्या साहेबाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही बघ! केजच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसून लिहितेय, गाडी यायची आहे. ऑफिसातल्या सगळ्यांना फोन करून झाले, तरी समाधान होत नाही. म्हणून तुला सांगतेय.

आधी माझं काम सांगते. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आता किडनी निकामी झालेल्या माणसांवर सरकारनं उपचार कसे करावेत, याचा अभ्यास करणाऱ्या गटात आहे. डायलिसिसची मशीनं कुठं ठेवायची, माणसं मध्येच यायची का थांबतात, असलं सगळं. पहिल्याच बैठकीत एक जण म्हणाला की खेड्यातले पेशंट गाफील असतात, जरा बरं वाटलं की येणं सोडतात. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, हप्त्यातून तीन दिवस काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून जिल्ह्याला जायचं, चार तास मशीनवर पडायचं, अंधारात परत यायचं, आणि तेवढा वेळ शेळ्या कुणी चारायच्या ते तुम्हीच सांगा. तुझा विषय काढला नाही. पण चुलीपुढं सुजलेले पाय लांब करून तू म्हणाली होतीस ना, "मुकी जनावरं उपाशी बांधून मी तितं खाटंवर पडू व्हय?" तेच मी जरा शुद्ध भाषेत बोलले. तू तिनाचे दोन दिवस केलेस, दोनाचा एक केलास, आणि मग गेलीच नाहीस.

दुसरा उपाय आहे, माय. पोटात एक बारीक नळी बसवतात. पिशवीतलं औषधी पाणी तिच्यातून पोटात सोडायचं, काही तासांनी ते अंगातली घाण घेऊन बाहेर काढायचं, की पुन्हा नवी पिशवी. दिवसातून तीन-चारदा, घरच्या घरी, आपल्याच हातानं. मधल्या वेळात शेळ्यांमागं खुशाल हिंडावं. भीती एकच, हात अस्वच्छ राहिले तर जंतू थेट पोटात जातात आणि माणूस दगावतो. म्हणूनच वरचे साहेब हटून बसले होते, शेळ्या असलेल्या घरात हे चालणार नाही म्हणून. लई भांडले मी. शेवटी ठरलं की केजजवळच्या एकाच बाईच्या घरात करून बघायचं, साहेब स्वतः येऊन बघतील, आणि त्यांना पटलं तरच तालुक्यातल्या बाकीच्यांना द्यायचं. नाही पटलं तर हिचीही नळी काढायची आणि हिला पुन्हा जीपमध्ये बसवायचं.

ही बाई तू गेलीस त्या वयाची. नवरा नाही, घरात शेळ्याच शेळ्या, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. शिकवायला गेलेली सिस्टर रडकुंडीला आली होती. आज हात धुवायची, उद्या विसरायची. मास्क गळ्यात, दार सताड उघडं. तेव्हा मला तो दिवस आठवला. नुकतीच जन्मलेली करडं दाखवायला मी शाळेतून मैत्रिणींचं लटांबर घेऊन आले होते आणि तू खोपीच्या दारात आडवी उभी राहिलीस. "शेळी व्यालीया, दिसत न्हाई? भायेरून आलाव, पाय बी न धुता? व्हा मागं." सगळ्यांदेखत! किती दिवस बोलले नव्हते मी तुझ्याशी. तर मी ह्या बाईला म्हटलं, अक्का, ह्या खोलीत आजच करडं जन्मलीत असं समजा आणि तसंच वागा. मग आसं सांगा की, म्हणाली. त्या दिवसापासून साबणाशिवाय हात नाही आणि दार उघडं नाही. दारावर बिब्बा आणि लिंबू-मिरची तेवढी टांगली, ती आम्ही चालवून घेतली.

आज दुपारी साहेब आले, मागं त्यांची माणसं. पिशवी बदलायची वेळच झाली होती. साहेब बूट काढून आत शिरायला लागले तर ही पदर खोचून दारात. येऊ नगा म्हणाली. मी मध्ये पडले, हे मोठे डॉक्टर आहेत, तुम्हालाच बघायला एवढ्या लांबून आलेत, असं परोपरीनं सांगितलं. ती ढिम्म हलेना. साहेबांच्या कपाळावर आठ्या. संपलं सगळं, असं वाटलं मला. असं सगळ्यांनाच अडवता का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सायेब, करडाला राखायला शेळी तरी आसती. मला मीच हाय." आणि दार लावून घेतलं.

साहेब खिडकीशी गेले. उन्हात उभं राहून, काचेला डोळे लावून त्यांनी सगळं बघितलं. नखं घासून हात धुणं, पंखा बंद करणं, मास्क, नळीचं टोक कशालाही लागू न देणं. तेवढा वेळ तिचं तोंडसुद्धा बंद होतं, हे आश्चर्यच. शेवटी पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी तिनं काचेपाशी धरली. पाणी गढूळ असतं तर जंतू पोटात शिरले असं समजायचं. ते नितळ होतं. साहेब वळले आणि म्हणाले, "सुरू करा. सगळ्या तालुक्यात." माय, मी उडी मारायचीच बाकी होती. खोटं कशाला बोलू, मारलीच.

गाडीकडं जाताना त्यांनी विचारलं की अभ्यासाला हाच तालुका कसा निवडलात. मी अंतर सांगितलं, जीपा सांगितल्या, शेळ्या-मेंढ्यांवर चालणारी घरं सांगितली. त्यात काहीच खोटं नव्हतं. तेवढ्यात मागं बाईनं दार उघडलं, शेळ्या सोडल्या आणि त्यांना शिव्या घालत रानाकडं निघाली. साहेब पुढं काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही.

गाडी आली बघ. हा कागद कुठं टाकणार, घडी घालून पर्समध्येच ठेवते. साहेबांना सांगितलं नाही ते तुला सांगते. धोरण-बिरण सगळं नंतरचं. हा आजार झालेली एक बाई शेळ्या घेऊन रानात निघालेली मला एकदा डोळ्यांनी बघायची होती.